कोल्हापूर ते दादर, पायी. ३० नोव्हेंबरला निघतोय. सल्ले द्या, शिव्याही चालतील

पायवाट (धागाकर्ता)
१२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबई. गेल्या तीन वर्षांत ही खेप किती वेळा केली ते मोजायचं मी सोडून दिलंय. बाबांची ट्रीटमेंट परळला चालू होती. पहिल्या खेपेला मी आणि आईनं तिथल्या फुटपाथवर नऊ रात्री काढल्या. दोष कुणाला द्यायचा? बेड असतात तेवढेच, आणि पेशंट येतात अख्ख्या देशातून. दहाव्या दिवशी चहाच्या गाड्यावर एका अनोळखी बाईंनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता सांगितला. तिथं जागा मिळाली. त्या रात्री आई भिंतीला पाठ लावून झोपली. 'किती दिसांनी भिंत मिळाली', एवढंच म्हणाली.

बाबा आता घरी आहेत, बरे आहेत. मी चालत जाणार म्हटल्यावर 'येडा झालायस' म्हणाले, म्हणजे पूर्वपदावर आलेत.

तर बेत असा. दसरा चौकातून ३० नोव्हेंबरला सकाळी निघायचं आणि २० डिसेंबरला दादरला धर्मशाळेच्या दारात पोचायचं. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी (१९५६). अंतर साधारण ३८० किलोमीटर. २१ दिवसांतले दोन विश्रांतीचे, म्हणजे रोजचे वीसेक किलोमीटर. जमेल ती मदत गोळा करून पेशंटच्या नातेवाइकांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला द्यायची. संस्थेचं नाव आणि खातं इथं लिहीत नाही, धाग्याच्या नियमात बसत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सोबत मावसभाऊ आहे. दोघंही आयटीआयच्या पुढं कधी चालत गेलेलो नाही. त्यामुळं सल्ले पाहिजेत.

---

तांबडापांढरा
१२ नोव्हेंबर, रात्री ९.५२

भावा नाद खुळा! आमची तालीम तुझ्या पाठीशी हाय. दसरा चौकात फ्लेक्स, हलगी, घुमकं, सगळं आमच्याकडं लागलं. किणी टोलनाक्यापर्यंत पन्नास बुलेट सोडतो तुझ्यासंगं. पहिल्या मुक्कामाला तांबडा-पांढरा आमच्यातर्फे.

---

पायवाट
१२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

दादा, मनापासून आभार. पण पन्नास बुलेटच्या मध्ये चालायचं म्हणजे वाठारला पोचायच्या आत मला धुरानंच पुन्हा परळला न्यावं लागंल.

---

खर्डा_भाकरी
१२ नोव्हेंबर, रात्री १०.३१

राग मानू नका, पण मला हे कळत नाही. मदत करायची तर करा की. महालक्ष्मीचं तिकीट काढा, पैसे देऊन या, दुसऱ्या दिवशी कामावर. २१ दिवस चालून कुणाचा आजार बरा होणार? आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. हायवेला उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. तुम्ही अंधारात मध्ये येणार, काही झालं की नाव ट्रॅक्टरवाल्याचं. आमचा ट्रॅक्टर आहे म्हणून बोलतोय.

---

बिंदूचौक
१२ नोव्हेंबर, रात्री ११.१०

खर्डाराव, प्रश्न रास्त आहे, पण तो जुना आहे. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीला मोटारीनं गेले असते तर दुपारी पोचून मीठ उचलता आलं असतं. अंतर साधारण एवढंच, ३८५ किलोमीटरच्या आसपास, आणि वय ६०. लागले २४ दिवस, कारण वाटेतली गावं गाठायची होती. विनोबाही १९५१ ला पोचमपल्लीपासून भूदानासाठी निघाले ते वर्षानुवर्षं चालतच राहिले. जमीन पत्र पाठवूनही मागता आली असती. मिळाली नसती, एवढंच.

धागाकर्त्याला एक कामाचं सांगतो. दांडीयात्रेच्या पुढं गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण टुकडी' जायची. पुढच्या गावात पाणी कुठलं, झोपायचं कुठं, शौचाची सोय काय, हे आधी बघून ठेवायची. तुम्हीही कुणालातरी दोन दिवस पुढं टू-व्हीलरवर पाठवा. पन्नास बुलेटपैकी दोन पुरतील.

---

तांबडापांढरा
१२ नोव्हेंबर, रात्री ११.१४

दोन काय, चार पाठवतो. अरुण टुकडी आमची!! नाव लई भारी हाय काका.

---

पायवाट
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

@खर्डा_भाकरी, तिकीट काढून पैसे देऊन येणं मी दोनदा केलंय. पाच हजार एकदा, तीन हजार एकदा. पावती घेतली, आलो. माझ्या गल्लीतसुद्धा कुणाला कळलं नाही, आणि त्याच गल्लीतल्या एका काकूंना गेल्या वर्षी परळला जावं लागलं तेव्हा त्या आधी फुटपाथवरच झोपल्या. मला पत्ता माहीत होता. त्यांना माहीत नव्हता. आमच्यामध्ये चार घरं होती.

याचं उत्तर 'चालणं' हेच आहे असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण घरी बसून तर ते नव्हतंच.

ट्रॅक्टरचं म्हणाल तर पटलं. उजाडल्याशिवाय हायवेला पाय ठेवणार नाही.

---

हिशेबनीस
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.०२

रुक्ष माणूस आहे, रुक्षच लिहितो.

तुम्ही व्यक्ती म्हणून लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा संबंध येतो. गणपतीला मंडळं वर्गणीसाठी ४१ क ची परवानगी काढतात, तसंच. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पैशाला हातच लावू नका. संस्थेचा क्यूआर कोड छापून छातीवर अडकवा. देणारा थेट संस्थेला देईल, पावती संस्था देईल. देणगीवरची आयकराची (८०जी) सवलत पाहिजे असेल त्याला सांगा की २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही.

तरी रस्त्यात कुणीतरी आजी दहाची नोट हातात कोंबणारच. तिला क्यूआर दाखवू नका. संस्थेकडून एक पावतीपुस्तक मागून घ्या, दहाची पावती दहाचीच फाडा आणि रोज रात्री इथं आकडा लिहा. तुमचा जेवणखाण्याचा, बुटांचा, औषधांचा खर्च वेगळा, स्वतःच्या खिशातून. दोन्ही पिशव्या एकमेकींना शिवता कामा नयेत. चांगल्या कामात माणसं पैसे खात नाहीत हो, हिशेब विसरतात, आणि गावाला दोन्ही सारखंच दिसतं.

---

पायवाट
१३ नोव्हेंबर, दुपारी १.१५

हे सोन्यासारखं आहे. संस्थेशी बोललो, पुस्तक पोस्टानं येतंय.

---

अस्थिपंजर
१३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

फिजिओथेरपिस्ट आहे. पायांविषयी बोलतो.

सतरा दिवस उरलेत, म्हणजे सराव कमीच पडणार. उद्यापासून रोज रंकाळ्याला फेऱ्या मारा, पण त्यानं भागायचं नाही, तिथं सपाट आहे. पुढच्या आठवड्यात एकदा पन्हाळा करा, वीस किलोमीटर आहे आणि शेवटी चढ. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. म्हणून पन्हाळ्याच्या दुसऱ्या दिवशीही पंधरा किलोमीटर चाला. तिसऱ्या दिवशीही. पहिल्या दिवशी वीस कुणीही चालतं.

बूट नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि अर्धा नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. सुती मोजे घामानं ओले होतात आणि ओल्यानं कातडी सोलते, त्यामुळं खेळाडूंचे सिंथेटिक मोजे वापरा, दर दोन तासांनी बदला. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. कुठंही गरम लागायला लागलं की तिथंच थांबून टेप लावा, 'पुढच्या चहाला बघू' म्हणू नका. फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही, तेच सगळ्यात चांगलं बँडेज आहे. फारच तटतटला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी जाऊ द्या आणि झाका.

ओआरएसची पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मिठाच्या बाबतीत कोल्हापुरी हात सोडू नका.

आणि मधुमेह असेल कुणाला तर या भानगडीत पडू नये. पायाला जखम झालेली कळत नाही.

---

तांबडापांढरा
१३ नोव्हेंबर, रात्री ९.०१

बूट कशाला? कोल्हापूरचा गडी हाय, कापशी चप्पल घालून जाऊ दे की मुंबईत. इज्जतीचा प्रश्न हाय.

---

अस्थिपंजर
१३ नोव्हेंबर, रात्री ९.०६

कापशी घालून दादरच्या दारात फोटो काढा. ३८० किलोमीटर प्राडावालेसुद्धा घालायचे नाहीत.

---

आजरेकरीण
१४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

मला किणीपर्यंतचे पहिले दोन दिवस यायचंय. मैत्रीणही आहे. पण इतक्या प्रतिसादांत एकानंही लिहिलं नाही की बाईमाणसानं वाटेत जायचं कुठं. दिंडीत चाललेय मी, मला माहीत आहे काय होतं. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे जायला नको. दुपारी डोकं धरतं, मग उन्हाळी लागते, आणि सगळे म्हणतात बायकांना झेपत नाही.

अरुण टुकडीला काम देते. प्रत्येक पाच किलोमीटरवर उघडं असणारं शौचालय शोधा. पेट्रोलपंपावर असतं, पण बऱ्याचदा कुलूप असतं. किल्ली कुणाकडं असते ते नावासकट लिहून आणा. हॉटेलवाल्यांना आधी विचारून ठेवा. आणि 'बघतो' चालणार नाही, मला वहीत पाहिजे.

---

तांबडापांढरा
१४ नोव्हेंबर, दुपारी ३.५८

व्हय अक्का. उद्याच पोरं पाठवतो.

---

तांबडापांढरा
१६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

अक्का, शिरोली ते किणी यादी झाली. सात पंप, पाच हॉटेलं. तीन ठिकाणी कुलूप, किल्ली मॅनेजरच्या खिशात. एका ठिकाणी शौचालयात टायर भरून ठेवलेत. पोरांनी मालकाला रिकामं करायला लावलंय, गोडीत. व्यनि केलाय.

---

वाईकर
१७ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

रस्त्याबद्दल. कागल ते सातारा सहापदरीकरणामुळं ठिकठिकाणी सेवा रस्ता कधी आहे, कधी गायब. जिथं आहे तिथं त्यावरूनच चला. जिथं नाही तिथं समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या अंगानं. पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही आणि तीच मारते.

खंबाटकीत बोगद्याच्या वाटेला जाऊ नका. बोगद्यातून पुण्याकडं जाणारी वाहतूक असते, जुन्या घाटानं साताऱ्याकडं उतरणारी. तुम्ही घाटानंच चढा, गाड्या तोंडावर येतील पण दिसतील तरी. पुढं कात्रजला जुना घाट धरा. खरी अडचण खंडाळ्याला आहे. एक्सप्रेस वेवर पायी बंदी, आणि घाटात काही अंतर जुना रस्ता व एक्सप्रेस वे एकच होतात. तिथं आधी महामार्ग पोलिसांना भेटून ठरवा, त्या दिवशी बघू म्हणू नका. अटल सेतूचा तर विचारही नको, पायी सोडत नाहीत. पनवेल, वाशी, चेंबूर, सायन असंच जावं लागेल.

१०३३ हा महामार्गाचा नंबर आणि १०८ ॲम्ब्युलन्सचा, दोन्ही मावसभावाच्या फोनमध्येही घाला. सुरूर फाट्याला मुक्काम करणार असाल तर आमच्याकडं. जेवण साधं असेल.

---

तांबडापांढरा
२४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

फ्लेक्सचं डिझाईन झालंय. वीस बाय दहा. वर अंबाबाई, खाली आमचे आधारस्तंभ, मध्ये तुमचा फोटो.

---

पायवाट
२४ नोव्हेंबर, रात्री ११.५५

दादा, चार वेळा लिहून पुसलं. रागावू नका.

गाडगेबाबा गावात गेले की आधी झाडू हातात घ्यायचे, आणि पाया पडायला येणाऱ्याला पडू द्यायचे नाहीत. त्यांच्या पुण्यतिथीला त्यांच्या दारात जायचं आणि निघताना वीस फुटी फ्लेक्सवर स्वतःचं तोंड बघायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. हार-तुरे, शाल-श्रीफळ काही नको. त्याचे जे पैसे होतील ते संस्थेच्या क्यूआरवर टाका. तुमच्या तालमीनं अरुण टुकडीचं जे केलंय ते मी आयुष्यात विसरणार नाही. तेवढं पुरं आहे.

आधारस्तंभांना वाईट वाटेल याची कल्पना आहे.

---

तांबडापांढरा
२५ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

आधारस्तंभांना वाईट वाटलं.

तालमीत दोन तास भांडण झालं. शेवटी वस्ताद म्हणाले, पोरगं खरं बोलालंय. फ्लेक्सचे ४,८०० संस्थेला गेले, पावती आलीया, नाव तालमीचं. पण तांबड्या-पांढऱ्याला नाही म्हणायचं नाही. ते सत्कारात येत नाही, ते जेवण हाय.

---

हिशेबनीस
२५ नोव्हेंबर, सकाळी ११.४८

जेवण ग्राह्य.

---

पायवाट
३० नोव्हेंबर, रात्री ८.१०

वाठार, मुक्काम पहिला.

सकाळी साडेसहाला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी तीसेक जण होते. फ्लेक्स नाही, हलगी मात्र होती, ती मी अडवू शकलो नाही आणि खरं सांगायचं तर कानाला बरी वाटली. चौकाभोवतीची बोर्डिंगं बघत होतो. १९०१ पासून शाहू महाराजांनी खेड्यातल्या पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय करायला सुरुवात केली ती इथं. रोज या चौकातून जातो, आज थांबून पाट्या वाचल्या.

बाबा आले होते. कावळा नाक्यापर्यंत चालले, मग रिक्षा करून परत गेले. रिक्षात बसताना म्हणाले, मोजे बदल.

तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, शिरोली, टोप. टोपच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाचं गाणं अर्धा किलोमीटर आधी ऐकू येतं, रेडियम मात्र एकालाही नाही. आजरेकरीणताई आणि त्यांची मैत्रीण आमच्या पुढं चालत होत्या, चार वाजता आम्हाला चहा सांगून बसलेल्या सापडल्या. माझ्या उजव्या टाचेला गरम लागतंय, टेप लावलाय.

आजची पावतीपुस्तकातली रोख ३,१४०. क्यूआरचा आकडा संस्था आठवड्याला कळवेल. आमचा खर्च ९०, कारण कुणी चहाचे पैसे घेत नाही. आता जेवायला बोलावतायत. पांढऱ्या रश्श्याचा वास इथपर्यंत येतोय.

---

पायवाट
१ डिसेंबर, रात्री ९.३५

कामेरी, मुक्काम दुसरा.

किणीला ताई परत फिरल्या. वारणा ओलांडली आणि कणेगावपासून सांगली जिल्हा. काल रात्री तीन वाट्या पांढरा प्यालो, त्याचे परिणाम सकाळी घुणकीपर्यंत भोगले. यादी कामाला आली, एवढंच सांगतो.

संध्याकाळी ज्या घरी उतरलोय तिथं शेजारच्या एक वहिनी आल्या. पैसे द्यायला आल्यात असं वाटलं म्हणून मी पुस्तक काढलं. त्या म्हणाल्या, आम्हाला गुरुवारी परळला बोलवलंय, मालकांना घेऊन पहिल्यांदाच चाललोय, तुम्ही तिथं राहिलाय म्हणे, खरं काय? मग आम्ही पायरीवर बसलो. दादर स्टेशनला उतरून कुणीकडं जायचं, हॉस्पिटलची फाईल आणि आधार दोघांचंही जवळ ठेवायचं, जागा मिळेलच असं नाही, नाही मिळाली तर परळला नाना पालकर स्मृती समितीत विचारायचं, स्टोव्ह न्यायचा नाही, चादर दोन न्यायच्या. त्यांच्या पोरीनं शाळेच्या वहीत सगळं लिहून घेतलं. एक तास गेला. पुस्तक तसंच मांडीवर राहिलं.

रोख १,२२०. खर्च शून्य. टाचेला फोड आलाय, टोचलेला नाही.

---

बिंदूचौक
२ डिसेंबर, सकाळी ७.०५

तो कागद टाईप करून इथं टाका. चाला नंतर.

---

आजरेकरीण
२ डिसेंबर, दुपारी १२.१०

मी टाईप करते, तुम्ही रात्री फोनवर सांगा. एका पानात बसवू. तालमीच्या पोरांकडं झेरॉक्स द्या, पुढच्या प्रत्येक मुक्कामाला ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात चिकटवतील. फ्लेक्स नाही म्हणून हात शिवशिवतायतच त्यांचे.

---

खर्डा_भाकरी
३ डिसेंबर, रात्री ८.४०

अजून मला चालण्याचं पटलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

टोपजवळच्या रेडियमचं वाचलं. आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागं आणि बाजूला लावलं, आमच्या टोळीतल्या आणखी सहा ट्रॅक्टरांनाही. गाणं बंद करायला ड्रायव्हर तयार नाहीत. तो झेरॉक्सचा कागद मला पाठवा, कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरांची रांग तासन् तास असते, तिथं लावतो.

---

पायवाट
३ डिसेंबर, रात्री ९.५०

कऱ्हाड, मुक्काम चौथा. कालचा कासेगावला झाला, रेंज नव्हती.

प्रीतिसंगमावर पाय पाण्यात घालून बसलो होतो, अस्थिपंजरसाहेब रागावतील, फोड ओला झाला. कोरडा करून झाकलाय. कालची रोख ८६०, आजची २,४०५. खर्च दोन दिवसांचा १७०, त्यातले १२० टेपचे.

@खर्डा_भाकरी, कागद ताईंनी केलाय, पाठवतो. मोठ्या अक्षरात काढा, काट्यावर रात्री उजेड कमी असतो.

उद्या उंब्रज. तिथं कुणी आहे का इथलं? मावसभावाचा चार्जर कासेगावला राहिला, आणि १०३३ त्याच्याच फोनमध्ये आहे.